आजोबांच्या डब्यातले शंकूशंख : ओळख आणि वर्गीकरण

आपण पाठवलेली छायाचित्रे मी दोन दिवस सवडीने पाहिली. आपले आजोबा व्यापारी जहाजावर नोकरीला होते, त्यांच्यामागे बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले 31 शंख आपल्याला मिळाले आणि नाशिकरोडच्या ज्या शाळेत आपण शिकवता तिथल्या प्रयोगशाळेत ते नावानिशी मांडावेत अशी आपली इच्छा आहे. आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. हे सगळे शंकूशंखच आहेत का? असल्यास त्यांचे वर्गीकरण कसे मांडायचे, कारण एका यादीत सगळे ‘कोनस’ या एकाच प्रजातीत दिसतात आणि दुसऱ्या यादीत त्यांच्या शंभरावर प्रजाती आढळतात? आणि हे प्राणी विषारी असल्याचे वाचले असल्यामुळे शंख मुलांच्या हातात द्यावेत की नाही?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. विष प्राण्याच्या शरीरात असते, शंखात नसते. आपल्या डब्यातले शंख कित्येक वर्षांपूर्वी रिकामे झालेले आणि वाळलेले आहेत. ते मुलांनी खुशाल हातात घ्यावेत, फिरवून पाहावेत. मात्र हीच मुले उद्या सहलीला कोकणात किंवा अंदमानला गेली आणि ओहोटीच्या खडकात असा शंख त्यांना दिसला, तर त्याला हात लावायचा नाही, हे त्यांना आजच बजावून ठेवावे. जिवंत शंकूगोगलगायीची, म्हणजे या शंखात राहणाऱ्या प्राण्याची, सोंड शंखाच्या निमुळत्या टोकाकडून निघत असली तरी ती लांबते आणि वळते, त्यामुळे शंख ‘मागून’ धरला म्हणजे सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. तिचा दात कापडातून आरपार जातो. कोनस जिओग्राफस या जातीच्या दंशाने माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत आणि या विषावर उतारा म्हणून देता येईल अशी लस आजही उपलब्ध नाही. श्वसनाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून रुग्णाचा श्वास चालू ठेवून त्याला तातडीने रुग्णालयात नेणे एवढेच हाती उरते.

आता मुख्य विषयाकडे येतो. आपल्या 31 शंखांपैकी 27 शंकूशंख आहेत आणि 4 नाहीत. ते चार कोणते हे कसे ओळखले, ते सविस्तर सांगतो, कारण जातीचे नाव शोधायच्या आधी ‘हा शंकूशंख आहे का’ हा प्रश्न सोडवावा लागतो आणि नवा संग्राहक बहुतेक वेळा नेमका तोच टप्पा ओलांडून थेट चित्रांच्या पुस्तकाकडे वळतो. मीही सुरुवातीला तेच केले होते. महाविद्यालयाच्या संग्रहातल्या एका शंखावर मी लावलेली शंकूशंखाची चिठ्ठी सात वर्षे तशीच होती आणि तो शंख शंकूशंख नव्हताच.

शंख हातात घेतल्यावर त्याचे शिखर वर आणि मुख आपल्याकडे येईल असा धरावा. शंकूशंखाचा आकार उलट्या धरलेल्या शंकूसारखा असतो : वर रुंद खांदा, खाली निमुळते होत गेलेले शेवटचे वेटोळे आणि खांद्याच्या वर बसके किंवा थोडे उंचावलेले शिखर. उंचीचा जवळजवळ सगळा वाटा त्या एका शेवटच्या वेटोळ्याचा असतो. मुख म्हणजे लांब, अरुंद, बहुधा दोन्ही काठ समांतर असलेली फट. ती खांद्यापासून तळाच्या टोकापर्यंत जाते. बाहेरचा ओठ पातळ आणि सरळ असतो, त्याला दात नसतात आणि तो बाहेर पसरतही नाही. मुखाच्या आतल्या बाजूचा खांब, ज्याला स्तंभिका म्हणतात, तो गुळगुळीत असतो. त्यावर घड्या नसतात. खांद्यापाशी, ओठ जिथे वेटोळ्याला मिळतो तिथे, एक छोटी खाच असते. झाकण असतेच, पण नखाच्या तुकड्याएवढे लहान, मुख बंद करण्याच्या कामाचे नाही. डब्यातल्या शंखांत ते उरलेले नाही यात नवल नाही.

या कसोटीवर आपले चार शंख गळतात. क्रमांक 6 आणि 19 हे लांबून अगदी शंकूशंख वाटतात, पण त्यांच्या बाहेरच्या ओठाच्या तळाशी एक ठळक, लाटेसारखी खाच आहे. ती स्ट्रॉम्बस कुलाची खूण आहे. तो प्राणी त्या खाचेतून देठावरचा डोळा बाहेर काढतो. शिवाय मुखाचा आतला भाग शेंदरी आणि स्तंभिका काळपट, या जोडीवरून ती जात कोनोम्युरेक्स लुहुआनस हे निश्चित होते. माझी सात वर्षांची चूक याच जातीबाबत होती. क्रमांक 11 ही ऑलिव्ह शंखाची जात आहे. तिची चकाकी पाहावी : जिवंतपणी या प्राण्याचे मांस शंखावर पांघरलेले असते, त्यामुळे शंख काचेसारखा राहतो, वेटोळ्यांमधली शिवण पन्हळीसारखी खोल असते आणि स्तंभिकेवर बारीक घड्या असतात. क्रमांक 27 च्या स्तंभिकेवर चार जाड, तिरप्या घड्या छायाचित्रातही स्पष्ट दिसतात. तो मायटर शंख आहे.

क्रमांक 14 विषयी आपण ‘हा डावा शंख दुर्मीळ असावा’ असे लिहिले आहे. त्याच्या मागे पसरलेल्या वर्तमानपत्राची अक्षरेही उलटी आली आहेत, ती पाहावीत. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले ते आरशातले चित्र आहे. शंख नेहमीसारखा उजवाच आहे. ही फसगत जुनी आहे. डच चित्रकार रेम्ब्रांट यांनी 1650 मध्ये कोनस मार्मोरियस या शंखाचे एक सुंदर कोरीव चित्र केले. त्यांनी आपली सही छापल्यावर सुलट यावी म्हणून पत्र्यावर उलटी कोरली, पण शंख मात्र डोळ्यांना दिसला तसाच कोरला, त्यामुळे छापात तो डावा झाला. निसर्गात शंकूशंख सहसा उजवे असतात, म्हणजे शिखर वर धरल्यावर मुख आपल्या उजव्या हाताला येते. इथे नाशिककरांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. रामकुंडाच्या परिसरातल्या दुकानांत ज्याला ‘दक्षिणावर्ती’ म्हणून मोठी किंमत सांगितली जाते, तो अस्सल असेल तर शास्त्राच्या भाषेत डावा शंख असतो, कारण पूजेत शंख शिखर खाली ठेवून धरतात आणि शास्त्रात शिखर वर ठेवून. शब्द एक असले तरी धरण्याची रीत उलटी आहे. वर्गात मुलांकडून हा प्रश्न हमखास विचारला जाईल.

शंकूशंखाचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य मात्र बाहेरून दिसतच नाही. काही वर्षांपूर्वी मी तळाशी फुटलेला एक जाड शंख सराफ बाजारातल्या एका कारागिराकडून बारीक करवतीने उभा कापून घेतला. बाहेरची भिंत माझ्या नखाच्या जाडीच्या दुप्पट होती. आतल्या वेटोळ्यांच्या भिंती मात्र इतक्या पातळ होत्या की खिडकीच्या उजेडात धरल्यावर त्यांतून बोटाची सावली दिसत होती. प्राणी लहान होता तेव्हा त्याच भिंती त्याच्या बाहेरच्या, म्हणजे जाड, भिंती होत्या. वाढता वाढता त्याने त्या आतून विरघळवल्या. वेटोळी एकमेकांवर घट्ट बसलेली असल्यामुळे मुख आणि आतली जागा अरुंद राहते; तेव्हा आतली भिंत पातळ करून शरीराला जागा करायची आणि बाहेरची भिंत खेकड्यांच्या नांग्यांना पुरून उरेल एवढी जाड करायची, असा हा हिशेब आहे. ॲलन कोह्न, मायर्स आणि मीनाक्षी यांनी 1979 मध्ये या आंतरिक फेररचनेचे सविस्तर वर्णन केले. फुटका शंख मिळाला तर तो टाकू नये. कापलेला शंख मुलांना जे शिकवतो ते अखंड शंख शिकवत नाही.

वर्गीकरणाची वरची पायरी सरळ आहे. संघ मृदुकाय, वर्ग उदरपाद, गण निओगॅस्ट्रोपोडा, अधिकुल कोनॉइडिया, कुल कोनिडी. या अधिकुलातच टेरेब्रा आणि टरिड हे शंखही येतात. आकाराने ते शंकूशंखांशी जराही मिळत नाहीत, टेरेब्रा तर गिरमिटासारखा लांबट असतो, तरीही ते चुलत भावंडे आहेत. कारण नाते शंखात नाही, तोंडात आहे. गोगलगायीच्या तोंडात दातांची पट्टी असते, तिला रेत्रिका म्हणतात. बागेतली गोगलगाय या पट्टीने पान खरवडून खाते. शंकूगोगलगायीत ही पट्टी नाहीशी झाली आहे. उरले आहेत ते फक्त कडेचे दात, तेही एकेक सुटे. प्रत्येक दात म्हणजे कायटिनचा (कीटकांच्या कवचात असते त्या द्रव्याचा) पातळ पत्रा सुरळीसारखा गुंडाळून केलेली पोकळ सुई असते आणि तिच्या टोकाला बहुधा गळासारखे काटे असतात. तयार दात एका पिशवीत साठवलेले असतात. शिकार करताना त्यांतला एक दात सोंडेच्या टोकाशी येतो, लांब विषनलिकेतले विष स्नायूंच्या एका फुग्याने त्यात दाबले जाते आणि दात भक्ष्यात घुसतो. एक दात एकदाच वापरला जातो. पुढच्या वेळी नवा.

या दातांची घडण प्राणी काय खातो यावर ठरते, म्हणून वर्गीकरणात तिला फार वजन आहे. बहुतेक जाती समुद्रातले वलयी किडे खातात. त्यांचे दात तुलनेने आखूड असतात. काही जाती दुसऱ्या गोगलगायी खातात, काही मासे. मासे खाणाऱ्यांतही दोन रीती आहेत. कोनस स्ट्रायटस सोंड हळूच पुढे करून माशाला टोचते आणि दाताचा काटा अडकलेला असल्यामुळे लुळा झालेला मासा तसाच ओढून घेते. कोनस जिओग्राफस आपले तोंड जाळ्यासारखे पसरून माशाला आत घेते आणि मग दंश करते. गोगलगायीसारखा संथ प्राणी मासा पकडतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेकांना खरे वाटत नव्हते. कोह्न यांनी 1956 मध्ये निरीक्षणांसह ते प्रसिद्ध केले. या विषातली द्रव्ये मज्जातंतूंवर इतकी नेमकी काम करतात की कोनस मेगस या जातीच्या विषातल्या एका द्रव्यावरून तयार झालेल्या झिकोनोटाइड या औषधाला 2004 मध्ये अमेरिकेत असह्य वेदनांवर वापरण्यासाठी मान्यता मिळाली. आपल्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याला औषधनिर्माणशास्त्राकडे जायचे असेल तर त्याला हे उदाहरण जरूर सांगावे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाचा गाभा. आधी शब्दांचा घोळ मिटवतो : इथे प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रांत ‘नवी प्रजाती सापडली’ असे छापून येते तेव्हा बहुधा जातीबद्दल बोलायचे असते. लिनियस यांनी 1758 मध्ये सगळे शंकूशंख कोनस या एका प्रजातीत ठेवले, आणि पुढे ह्वास व ब्रुगिएर यांनी 1792 मध्ये कितीतरी नव्या जातींची भर घातली तरी प्रजाती एकच राहिली. जाती वाढत गेल्या तशी ही प्रजाती अवाढव्य झाली. आज ज्ञात असलेल्या जिवंत जाती 900 च्या आसपास किंवा त्याहून जास्त आहेत. 2009 मध्ये टकर आणि टेनोरिओ यांनी शंख, रेत्रिका आणि भ्रूणशंख (शिखराच्या टोकाशी राहिलेला पिलाचा मूळ शंख) यांच्या लक्षणांवरून जिवंत आणि जीवाश्म मिळून शंभराच्या वर प्रजाती मांडल्या. आपण पाहिलेली दुसरी यादी या मांडणीवर आधारलेली आहे. त्यानंतर प्युइलांद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 320 जातींच्या डीएनएची तुलना केली, तेव्हा एकमेकांपासून खूप आधी फुटलेल्या चार मोठ्या शाखा दिसल्या आणि 2015 मध्ये त्यांनी चार प्रजाती सुचवल्या : कोनस, कोनास्प्रेला, प्रोफंडिकोनस आणि कॅलिफोर्निकोनस. टकर-टेनोरिओंच्या बऱ्याच प्रजाती त्यांनी टाकून दिल्या नाहीत, त्यांना उपप्रजातींचा (सबजीनसचा) दर्जा दिला. पुढे आणखी थोड्या छोट्या प्रजातींची भर पडली, पण सांगाडा तोच राहिला.

या चारांपैकी आपल्याला कामाची प्रजाती एकच आहे. प्रोफंडिकोनस खोल पाण्यात राहते. कोनास्प्रेलाच्या पुष्कळ जाती लहान आहेत आणि अनेक खोल पाण्यातल्या आहेत. कॅलिफोर्निकोनसमध्ये एकच जात आहे, ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला असते आणि किडे, गोगलगायी, मासे, कवचधारी असे वाट्टेल ते खाते. ज्ञात जातींपैकी 85 टक्क्यांहून जास्त कोनसमध्येच येतात आणि आपले सत्तावीसच्या सत्तावीस शंख तिथलेच आहेत.

माझे स्पष्ट मत असे आहे की शाळेच्या चिठ्ठीवर कोनस हीच प्रजाती लिहावी आणि जागा असेल तर उपप्रजाती त्याखाली लिहावी. शंभर प्रजातींची मांडणी करणाऱ्यांचे श्रम मोठे आहेत आणि त्यांनी पाडलेले बरेच गट डीएनएनेही मान्य केले. परंतु प्रजातीचे नाव हा जातीच्या नावाचा पहिला शब्द असतो, तो बदलला की दोनशे वर्षांचे वैद्यकीय, औषधी आणि जीवशास्त्रीय लेखन शोधणे अवघड होते. उपप्रजाती ठेवल्याने नातेही दाखवता येते आणि नावही टिकते. यादी वाचताना एक बारकावा उपयोगी पडेल. जातीच्या नावापुढे नाव देणाऱ्याचे आडनाव आणि वर्ष असते; ते कंसात असेल तर समजावे की मूळ नाव देताना ती जात वेगळ्या प्रजातीत ठेवलेली होती. कोनस टेक्स्टाइलपुढे लिनियस, 1758 हे कंसाविना येते, तर कोनस लेपार्डसपुढे रोडिंग, 1798 हे कंसात येते, कारण रोडिंग यांनी तिला कोनस म्हटले नव्हते.

उपप्रजातींचा फायदा आपल्या डब्यातच दिसतो. क्रमांक 2, 9 आणि 23 हे तिन्ही मोठे, जड, पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असलेले शंख आपण एका पुडीत ठेवले आहेत. 2 आणि 9 यांच्या तळाच्या टोकाला जांभळट काळसर डाग आहे आणि ठिपक्यांखाली पिवळसर पट्टे पुसट दिसतात. ते कोनस लिटेराटस. क्रमांक 23 चे टोक स्वच्छ पांढरे आहे आणि तो तिघांत सर्वांत मोठा आहे. तो कोनस लेपार्डस. बाजारात दोन्ही एकाच नावाने विकले जातात. पण लिटेराटस एलिसाकोनस या उपप्रजातीत येते आणि लेपार्डस लिथोकोनसमध्ये. म्हणजे दिसायला जुळे आणि नात्याने दूरचे. ठिपक्यांवर भरवसा ठेवून पुडी बांधली की असे होते.

दुसरी जोडी लहान शंखांची. काळे चौकोनी ठिपके असलेले सहा शंख आपण एकत्र ठेवले आहेत. त्यांतल्या पाचांवर ठिपके आडव्या ओळींत, एकमेकांपासून सुटे, जणू कोणी शाईत बोट बुडवून टेकवत गेले असे आहेत : ते कोनस इब्रियस. सहाव्यावर, म्हणजे क्रमांक 30 वर, ठिपके उभे लांबून एकमेकांना मिळाले आहेत आणि त्यांच्या नागमोडी रेघा झाल्या आहेत : तो कोनस काल्डियस. हे दोघे मात्र खरोखर जवळचे आहेत, दोघेही विरोकोनस या उपप्रजातीतले आहेत आणि दोघेही किडे खातात. या गटाने मला शंखाची मर्यादाही शिकवली. बर्ग यांनी 1895 मध्ये इब्रियससारख्याच दिसणाऱ्या एका प्राण्याचे दात वेगळे असल्याचे पाहून कोनस जुडेयस ही जात मांडली. शंख इतका सारखा की पुढे जवळजवळ शतकभर तिला फारसे कोणी वेगळे मानले नाही. अलीकडे डीएनएने ती खरोखर वेगळी असल्याचे सिद्ध झाले. म्हणून आपल्या पाच शंखांवर मी ‘कोनस इब्रियस’ लिहायला सांगतो, तेव्हा ते शंखापुरते खरे आहे. प्राण्याचे दात पाहिल्याशिवाय त्यापलीकडे जाता येत नाही.

फिग्युलिनस आणि बेट्युलिनस या जातींत इतकी अडचण नाही. दोन्ही जड, बसक्या शिखराच्या, गोलसर खांद्याच्या आहेत आणि दोन्ही भारताच्या किनाऱ्यावर मिळतात. तपकिरी अंगावर दोरा गुंडाळल्यासारख्या बारीक गडद रेघा असल्या तर फिग्युलिनस (आपल्याकडे तीन), आणि पिवळसर अंगावर ठिपक्यांच्या ओळी असल्या तर बेट्युलिनस (आपल्याकडे एक). कोनस मार्मोरियस दोन आहेत. काळ्यावर पांढरे त्रिकोणी तुकडे आणि खांद्यावर गाठींची माळ, यामुळे ती चुकणे कठीण. तंबूच्या आकाराच्या नक्षीचे चार शंख कोनस टेक्स्टाइल. दोन कोनस स्ट्रायटस, दोन कोनस माइल्स. आणि एक, क्रमांक 17, ज्याला आपण ‘फुटका आणि हलका’ म्हणून बाजूला ठेवले आहे, तो कोनस जिओग्राफस आहे. तो फुटका नाही. त्याचा शंखच पातळ असतो, मुख तळाकडे रुंदावते आणि खांद्यावर बोथट गाठी असतात. मासा गिळून आत ठेवायचा तर मुख रुंद हवे. वर ज्या जातीच्या दंशाविषयी लिहिले, ती हीच. संपूर्ण डब्यात हा शंख सर्वांत साधा दिसतो आणि म्हणूनच मुलांनी तो नीट पाहून ठेवावा असे मला वाटते.

रंग आणि नक्षीवरून मी एवढी नावे दिली असली, तरी रंगाला मी शेवटचा साक्षीदार मानतो. एकाच जातीत रंग फार बदलतो, उन्हाने उडतो, वाळूने झिजतो. शिवाय जिवंतपणी बहुतेक शंकूशंखांवर पेरिओस्ट्रॅकम नावाची तपकिरी साल असते आणि तिच्याखाली नक्षी झाकलेली राहते. व्यापारी ती काढून टाकतात. आपल्या क्रमांक 8 च्या कोनस माइल्सवर ती अजून आहे, ओल्या गोणपाटासारखी. ती कृपया काढू नये. रंग नाहीसा झाला असे वाटते तेव्हाही तो पूर्ण गेलेला नसतो : हेंड्रिक्स यांनी 2015 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधले लाखो वर्षांपूर्वीचे पांढरेफटक जीवाश्म शंकूशंख अतिनील प्रकाशात धरले आणि 28 जातींची हरवलेली नक्षी उजळून दिसली. नाशिकच्या काळ्या पाषाणात समुद्री जीवाश्म मिळत नाहीत, तो लाव्हाचा खडक आहे. पण नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चने आपल्या झिजलेल्या शंखांवर हा प्रयोग अंधाऱ्या खोलीत करून पाहता येईल. डोळ्यांत तो प्रकाश जाऊ देऊ नये.

आकार मात्र मोजता येतो. व्हर्नियर कॅलिपरने चार मापे घ्यावीत : शंखाची एकूण लांबी, मुखाची उंची, जास्तीत जास्त रुंदी आणि ती रुंदी तळापासून किती उंचीवर येते. क्रमांक 1 च्या कोनस मार्मोरियसची आपण दिलेली मापे 62, 56, 34 आणि 50 मिलिमीटर आहेत. रुंदीला मुखाच्या उंचीने भागले की 0.61 येते, हा शंख किती रुंद हे त्यावरून कळते. रुंदीच्या जागेला मुखाच्या उंचीने भागले की 0.89, म्हणजे रुंदी अगदी वर, खांद्याशी आहे आणि कडा जवळजवळ सरळ आहेत. लांबीतून मुखाची उंची वजा करून लांबीने भागले की 0.10; म्हणजे शिखर बसके आहे. लहान-मोठ्या शंखांची तुलना करताना नुसत्या मिलिमीटरपेक्षा ही गुणोत्तरे कितीतरी विश्वासू ठरतात. यासोबत शिखर वरून पाहावे : खांद्यावर गाठी आहेत का, वेटोळ्यांच्या उतारावर बारीक खोबण्या किती, आणि अगदी टोकाचा भ्रूणशंख शाबूत आहे का. भ्रूणशंखाला बरीच वेटोळी असतील तर त्या जातीची पिले बराच काळ समुद्रात तरंगत दूरवर जातात. एक-दीडच फुगीर वेटोळे असेल तर पिले जन्मस्थानाजवळच राहतात. केप व्हर्देसारख्या बेटांवर इतक्या स्थानिक जाती का आहेत आणि 2013 मध्ये 632 जातींची पाहणी झाली तेव्हा धोक्यातल्या जातींत त्या ठळकपणे का दिसल्या, त्याचे एक मोठे कारण या टाचणीच्या टोकाएवढ्या भागात आहे.

डबा आणि वर्तमानपत्र दोन्ही लवकर बदलावेत. जुन्या कागदातून, पुठ्ठ्यातून आणि काही लाकडांतून सुटणारी आम्ले दमट हवेत शंखाच्या चुन्याशी संयोग पावतात आणि त्यावर पांढरी, आंबूस वासाची भुकटी धरते. क्रमांक 21 च्या खांद्यावर मला तिची सुरुवात दिसते. शंख साध्या पाण्यात मऊ ब्रशने धुऊन, पूर्ण वाळवून, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावेत. व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल लावू नये. ज्या वर्तमानपत्रात शंख गुंडाळले होते त्याचे गाव आणि तारीख मात्र उतरवून घ्यावी, कारण आजोबांनी स्थळ लिहून ठेवले नसले तरी शंख कोणत्या बंदरात आणि कधी गुंडाळला गेला याचा तेवढाच पुरावा आहे, आणि स्थळाविना शंखाला शास्त्रात फार थोडी किंमत उरते. चिठ्ठीवर ‘गुंडाळीच्या कागदावरून’ असे प्रामाणिकपणे लिहावे. कायद्याची एक बाबही पाहून घ्यावी. कोनस मिल्नेएडवर्डसी ही भारतीय समुद्रातली उंच शिखराची, तंबूच्या नक्षीची जात 2001 पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहे. मी ओळखलेल्या 24 शंखांत ती नाही. तरीही संग्रह शाळेत मांडण्यापूर्वी वन विभागाच्या कार्यालयात यादी दाखवून लेखी विचारणा करून ठेवावी.

उरले तीन : क्रमांक 12, 21 आणि 26. क्रमांक 12 ची नक्षी टेक्स्टाइलसारखी आहे, पण शिखर त्याहून बरेच उंच आणि अंग सडपातळ वाटते. कायद्याची बाब मी लिहिली ती मुख्यतः त्याच्यासाठी. टेक्स्टाइलच्या जवळच्या जातींशीही त्याची तुलना करावी लागेल आणि एका बाजूने काढलेल्या छायाचित्रावरून ती करणे मला रास्त वाटत नाही. या तिघांची मापे, मुखाच्या बाजूचे आणि शिखराच्या वरून घेतलेले चित्र, दोन्ही मागच्या कॅमेऱ्याने, दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून पाठवावे. क्रमांक 12 चे नाव ठरेपर्यंत तो प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवू नये, घरीच वेगळ्या डबीत ठेवावा.